फवारणीचा ओढ्याला आणि विहिरीला धोका किती, हे मोजायला कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

शेवाळ:
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तीन कीटकनाशकांची तुलना करतेय. फवारणीनंतर शेताकडेच्या ओढ्यातल्या जिवांना आणि विहिरीच्या पाण्याला कोणत्यापासून जास्त धोका, एवढंच शोधायचंय. पाण्याचे नमुने तपासून घ्यायची सोय नाही, त्यामुळे सगळी भिस्त मॉडेलवर. ईआयक्यू, गस, प्रायमेट, पर्ल, पीडब्ल्यूसी अशी नावं सापडली, पण सुरुवात कुठून करू ते कळेना. हवामान उष्ण, पाऊस मोजकेच महिने पण जोराचा. कोणी वापरलंय का यातलं काही?

काळी_माती:
ईआयक्यूवर (औषधाच्या पर्यावरणावरच्या परिणामाचा निर्देशांक) प्रबंध उभा करू नका, ही कळकळीची विनंती. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते १९९२ साली काढलं, औषधांची चटकन तुलना करता यावी म्हणून. औषधाच्या गुणधर्मांना १, ३, ५ असे गुण द्यायचे आणि शेवटी मात्रेने गुणायचं. ओढा बांधाला लागून आहे की मैलभर लांब, हे त्यात कुठेच येत नाही.

विहिरीसाठी आधी गस निर्देशांक (औषध भूजलात किती झिरपेल त्याचा) काढा, कॅल्क्युलेटरवर होतो. मातीतल्या अर्धायुष्याचा (औषध निम्मं व्हायला लागणारे दिवस) लॉग गुणिले कंसात ४ वजा केओसीचा लॉग; वजाबाकी आधी, गुणाकार नंतर. केओसी म्हणजे औषध मातीतल्या सेंद्रिय कर्बाला किती चिकटतं तो आकडा. उत्तर २.८ च्या वर आलं तर औषध झिरपणारं, १.८ च्या खाली तर नाही. पण गस कमी म्हणून औषध निर्धोक असं लिहू नका. क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट चिकटतं, खाली फारसं झिरपत नाही. जोराच्या पावसात मात्र मातीच ओढ्यात वाहून जाते आणि तिच्याबरोबर तेही.

ओढ्याकाठी:
सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकदा वहीत गणित करा. समजा हेक्टरी १०० ग्रॅम सक्रिय घटक फवारला. युरोपात वापरतात त्या तक्त्याप्रमाणे साध्या शेतपिकात एक मीटरवर २.७७ टक्के फवारा वाऱ्याने उडून पडतो, म्हणजे हेक्टरभर पाण्यावर २.७७ ग्रॅम. पाणी ३० सेंमी खोल धरलं तर ते झालं ३००० घनमीटर. भागाकार केला की लिटरला ०.९२ मायक्रोग्रॅम. सॉफ्टवेअरचा आकडा याच्या हजारपट आला तर एकक चुकलंय हे तिथेच कळेल. माझ्या पहिल्या अहवालात ग्रॅमच्या रकान्यात किलो भरले गेले होते आणि तीन महिने कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यानंतर प्रायमेट. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला उष्ण कटिबंधासाठीच बनवलंय, माहितीही कमी मागतं. पाण्यातली अपेक्षित तीव्रता भागिले सुरक्षित तीव्रता, आणि उत्तर एकच्या वर गेलं की अजून खोलात जायचं. खोलात जायला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं, पीडब्ल्यूसी घ्या. त्यात पावसाची रोजची नोंद आणि मातीची माहिती स्वतःची भरता येते. पर्ल विहिरीसाठी उत्तम, पण त्यातली फोकसची (कीटकनाशकांच्या मॉडेलांसाठीचा युरोपातला गट) तयार ठिकाणं नऊच्या नऊ युरोपातली. ती जशीच्या तशी चालवली तर फिनलंडचं किंवा ग्रीसचं उत्तर मिळेल, तुमच्या विहिरीचं नाही.

शेवाळ:
दोघांचे मनापासून आभार! औषधांचे गुणधर्म हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या पीपीडीबी या माहितीकोशातून घेतले, प्रायमेट चालवलं. इमिडाक्लोप्रिड ओढ्याला अगदीच सुरक्षित दिसतंय. मला ते पटत नाहीये. माझं काही चुकलं का?

ओढ्याकाठी:
तुमचं काही चुकलं नाही. प्रायमेटमध्ये पाण्यातल्या कीटकवर्गाच्या वतीने बोलतो तो डाफ्निया (पाण्यातला इवलासा कवचधारी जीव), आणि डाफ्निया काही कीटक नाही. इमिडाक्लोप्रिड त्याला फारसं बाधतच नाही, ईसी-५० (निम्म्या जिवांवर परिणाम करणारी तीव्रता) लिटरला सुमारे ८५ मिलिग्रॅम. सुरक्षेसाठी १०० ने भागलं तरी मर्यादा येते लिटरला ८५० मायक्रोग्रॅम. वरच्या गणितातले ०.९२ त्यापुढे काहीच नाहीत. पण ओढ्यातल्या मेफ्लाय या कीटकाच्या पिल्लांना लिटरमागे मोजके मायक्रोग्रॅम पुरतात. तोच आकडा घालून चालवा, उत्तर उलटं होईल. प्रबंधात दोन्ही शेजारीशेजारी द्या.

काळी_माती:
यात भर एवढीच, की अर्धायुष्य प्रयोगशाळेतलं की शेतातलं, ते लिहा. प्रयोगशाळेतलं बहुधा २० अंशांचं असतं. तुमची माती त्याहून गरम, म्हणजे विघटन जलद होणार आणि गसही बदलणार.

शेवाळ:
मेफ्लायचे आकडे सापडले. अर्धायुष्याचे दोन्ही रकाने वेगळे करून आज रात्री पुन्हा चालवते आणि तक्ता इथेच टाकते.