मदत हवी आहे: पाळकच ‘बीज-अर्पणा’च्या शिकवणीला आमेन म्हणत असतील तर?

धागाकर्ता: जय ख्रिस्त. आमची मंडळी उत्तर भारतीय चर्चमधली (सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). उज्जीवन सभेत पाहुण्या प्रचारकाने शिकवले, “हजाराचे बीज पेरा (म्हणजे तेवढे अर्पण द्या), शंभरपट घ्या, आजार उरला तर विश्वास कमी पडला.” पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुलपिटावरून त्याची वाखाणणी केली. पास्टरेट कमिटीचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) सभासद म्हणून विषय कसा काढावा? ग्रूपवर क्लिप टाकू का?

बिरुयाकर: क्लिप टाकू नका. ती फिरली की शिकवण बाजूला राहते आणि ‘पाळकांची बदनामी कोणी केली’ यावरच बैठक संपते. आधी दोघांचेही संदेश पूर्ण ऐका. खटकलेले वाक्य जसेच्या तसे, मिनिटासह वहीत उतरवा. पाळकांनी प्रचारकाला नुसते बोलावले, त्याचे कौतुक केले, की स्वतः तेच शिकवले? यावर पुढचे सगळे ठरते.

मग एकटे भेटा, अर्धा तास मागून घ्या. अक्विल्ला-प्रिस्किल्ला या दांपत्याने प्रचारक अपुल्लोला आपल्याकडे नेऊनच समजावले (प्रेषितांची कृत्ये 18:26). वीस मुद्दे नेऊ नका, दोनच प्रश्न पुरेत. शंभरपटीचे अभिवचन मार्क 10:30 मध्ये आहे, पण त्याच वचनात ‘छळणूक’ही आहे, ती का गाळली? आणि प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम आजारी असताना त्याला मिलेतात मागे ठेवले (2 तीमथ्य 4:20), तिथे विश्वास कोणाचा कमी पडला? उत्तर मिळाले की त्याच संध्याकाळी तारखेसह टिपून ठेवा.

पाळकांनी ऐकले नाही तर दुसऱ्या भेटीला दोघे हवेत, तेही संदेश स्वतः ऐकलेले. 1 तीमथ्य 5:19 साक्षीदार मागते, ऐकीव माहिती नव्हे. त्यानंतर कमिटीच्या सचिवांना एक पानी पत्र द्या, पोच घ्या, इतिवृत्तात नोंद मागा. तिथेही अडले तर बिशपांकडे जा. भेटीआधी सह्या गोळा केल्या की गट पडलाच म्हणून समजा.

दीपस्तंभ: एका बाबतीत मात्र हा क्रम पाळू नका. सभेनंतर कोणी इन्सुलिन किंवा टीबीच्या गोळ्या बंद केल्या असतील तर आजच त्या घरी जा, डॉक्टरांशी बोलणे करून द्या. टीबीचा नेहमीचा कोर्स साधारण 6 महिन्यांचा. मधेच सोडला तर आजार उलटू शकतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (1 तीमथ्य 5:23), विश्वास वाढव म्हटले नाही.

स्वतंत्र मंडळ्यांत सहसा बिशप नसतात. तिथे ट्रस्टची घटना वाचा. धर्मादाय आयुक्त पैशांचा हिशोब बघतील, शिकवणीचा निवाडा करणार नाहीत.

धागाकर्ता: तोवर अर्पण थांबवू का?

बिरुयाकर: नको. तो दबाव वाटतो, आणि तुमचा प्रश्न पैशाचा होऊन बसतो. नेहमीचे अर्पण द्या, बीज-अर्पणाच्या पाकिटात मात्र एक रुपयाही टाकू नका. कारण विचारले तर 2 करिंथ 9:7 उघडून दाखवा: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, भाग पडते म्हणून नव्हे.