'को-होस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक : अमेरिकी टीव्ही-पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांच्यावरच्या लेखात अडलो आहे. १९७४ साली त्या एनबीसी वाहिनीच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमाच्या 'को-होस्ट' झाल्या, १९७६ साली एबीसी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांच्या 'को-अँकर'. दोन्हीकडे 'सहनिवेदिका' लिहिलं तर बढती दिसतच नाही.

पडद्यामागे : पहिल्या ठिकाणी 'सहसूत्रसंचालिका'च. निवेदक समोरचा मजकूर सांगतो, सूत्रसंचालक कार्यक्रम हाकतो. सकाळी बातम्या, हवामान, पाककृती, पाहुणे असं सगळं एकापाठोपाठ असतं. एक मुलाखत मिनिटभर लांबली की पुढचं काहीतरी कापावं लागतं, कारण आठच्या बातम्या आठलाच लागतात. कानात निर्माता 'तीस सेकंद' म्हणतो, आणि त्याच वेळी पाहुण्याचं वाक्य न तोडता विषय मिटवायचा असतो. हे निवेदन नव्हे.

मुद्रितशोधक : आठ अक्षरांचा शब्द एका स्तंभाच्या मथळ्यात बसवून दाखवा. 'निवेदिका' चार अक्षरांत भागतं.

शब्दार्थी : होस्ट म्हणजे सरळ 'यजमान'. पाहुण्यांना बोलतं करतो तो यजमान.

मुद्रितशोधक : ऑलिंपिकचं यजमानपद ठीक. पण 'यजमान' म्हणजे घरोघरी नवरा! 'सहयजमान' वाचून काय समजायचं? आणि मूळ 'यज्' धातू, म्हणजे यज्ञ करवणारा.

पडद्यामागे : वॉल्टर्स यांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. 'टुडे'चे मुख्य सूत्रसंचालक फ्रँक मॅगी यांच्या आग्रहामुळे महत्त्वाच्या मुलाखतींत पहिले तीन प्रश्न मॅगींचे असत, वॉल्टर्स यांची पाळी चौथ्यापासून. म्हणून त्या स्टुडिओबाहेर जाऊन स्वतःच्या मुलाखती मिळवू लागल्या. माझ्या मते सकाळच्या पडद्यावर त्यांच्याइतकी तयारीची मुलाखतकार झाली नाही. पण मॅगी यांच्या निधनापर्यंत सूत्रं वॉल्टर्स यांच्या हाती नव्हती, ती १९७४ साली आली. 'निवेदिका' लिहिलंत तर हा झगडाच पुसला जाईल.

शब्दार्थी : मग अँकरचं काय? शब्दशः 'नांगर', पण तो आपल्याकडे शेतातही चालतो. काहींच्या मते शब्द रिले शर्यतीतला, शेवटचा टप्पा धावणाऱ्याचा. १९५२च्या अमेरिकी पक्ष-अधिवेशनांच्या टीव्ही-वार्तांकनात पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट यांना 'अँकरमन' म्हणत, तो सगळ्या बातमीदारांना एकत्र बांधणारा म्हणून. मला 'सूत्रधार' आवडतो.

मुद्रितशोधक : सूत्रधार नाटकात शोभतो, आणि बातम्यांत 'घोटाळ्याचा सूत्रधार' म्हणून आधीच अडकला आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. तिथे स्मिता पाटील, भक्ती बर्वे बातम्या देत, त्यांना 'वृत्तनिवेदिका' म्हणणं कुणालाच खटकत नाही. तोच शब्द घ्या.

पडद्यामागे : आजच्या वाहिन्यांत कुणीही 'अँकर'च म्हणतं. वाचकाला कळणारा शब्द का टाळायचा?

शब्दार्थी : कळतो म्हणून आपला होत नाही.

मुद्रितशोधक : आपला करायचा तर निदान एकसारखा लिहा. कुणी 'अ'वर चंद्रबिंदू देतं, कुणी 'अ‍ॅ'वर अनुस्वार. दिसायला जवळपास सारखं, पण संगणकावर शोधलं की एका रूपाने दुसरं सापडत नाही. संपूर्ण लेखात आधी एकच रूप ठरवून घ्या.

शब्दार्थी : त्यापेक्षा 'अ‍ॅन्कर' लिहा, न चा पाय मोडून. उच्चारही स्पष्ट होतो.

मुद्रितशोधक : 'बँक'चं 'बॅन्क' कराल का?