मदत हवी आहे: गोळी वाढवल्यापासून दादा एका जागी बसत नाही. आजार वाढला की औषधाचा त्रास?

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या थोरल्या भावाला (वय २९) काही महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम चालू होतं. कानात आवाज यायचे ते कमी झाले, पण थांबले नाहीत, म्हणून डॉक्टरांनी १२ दिवसांपूर्वी ४ मिलिग्रॅम केलं. आता आवाज जवळजवळ नाहीत असं दादा स्वतः सांगतो. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याला बसवेना. जेवताना चार घास खाऊन उठतो, परसात जाऊन येतो, ताटावर बसतो, परत उठतो. परवा बेळगावहून येताना बसमध्ये जागा रिकामी होती, तरी खानापूरपर्यंत दांडी धरून उभा. या पायावरनं त्या पायावर, सगळा रस्ताभर. मी म्हटलं, बस की रे. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बसवत नाही गं, आतनं कोणतरी ढकलतंय."

आई म्हणते आजार उलटलाय. झोप लागावी म्हणून तिनं तीन रात्री अर्धी गोळी जास्त दिली, हे मला काल कळलं. तात्या म्हणतात देवाचं काहीतरी राहिलंय, सौंदत्तीला जाऊन येऊया. वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं, गोळ्याच बंद करूया का.

पुस्तकात याला अकॅथिसिया म्हणतात. परीक्षेत मी त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहून आलेय. पण पुस्तक इंग्रजी, वर्गात समजावतात ते कन्नडमधून, आणि आईपुढं बसल्यावर मला मराठीत शब्दच सापडेनात. "साइड इफेक्ट" म्हटलं की आई म्हणते, मग असलं औषध कशाला द्यायचं?

आजाराची घालमेल आणि औषधाची घालमेल वेगळी कशी ओळखायची? डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तोवर थांबावं का? आणि आईला कसं सांगू? कृपा करून कुणी अनुभवी असेल तर लिहा.

रातपाळी:

ताई, मी मानसोपचार वॉर्डात १९ वर्षं आहे. पहिलं सांगते, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आजच फोन करा, उद्या घेऊन जा. आणि जास्तीची अर्धी गोळी आजपासून बंद. ज्या औषधानं त्रास होतोय तेच वाढवलं तर त्रास वाढणार. ही चूक आईचीच असते असं समजू नका. माझ्या सुरुवातीच्या काळात असाच एक मुलगा वॉर्डात रात्रभर फेऱ्या मारायचा. आम्ही चार्टवर "अस्वस्थ, आक्रमक" लिहिलं, त्यावर त्याला हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे असाच त्रास देणाऱ्या त्याच जातीच्या औषधाचं, इंजेक्शन मिळालं आणि पहाटेपर्यंत तो भिंतीला डोकं टेकून जागच्या जागी पाय आपटत होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं की तुला नेमकं काय होतंय. तेव्हापासून मी आधी विचारते, मग लिहिते.

ओळखायचं कसं? तारखा बघा. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत सुरू झालं असेल तर संशय आधी औषधावर. दादाला विचारा, "भीती वाटते म्हणून फिरतोस की पाय थांबत नाहीत म्हणून?" आजार उसळला असेल तर आवाज, संशय, घाबरणं परत येतं. तुमच्याकडं आवाज कमी झालेत आणि पाय थांबत नाहीत. चालल्यावर थोडं हलकं वाटतं का तेही विचारा. हा त्रास मोजायला १९८९ ची बार्न्स यांची मोजपट्टी आहे, त्यात माणसाला निदान दोन मिनिटं बसवून आणि दोन मिनिटं उभं करून, साध्या गप्पा मारत बघतात. पाय किती हलतात ते एक, त्याला आतून किती त्रास होतो ते दुसरं. तुम्ही हे घरी करून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढं ठेवा. निदान मात्र त्यांनाच करू द्या.

आणखी एक, हे टाळू नका. या त्रासात माणूस इतका कासावीस होतो की जीव नकोसा होतो. दादाला थेट विचारा, "मरून जावं असं मनात येतंय का?" विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ वर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं.

ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर तो वेगळा आणि जिवावरचा प्रकार आहे. त्यात एक तासही घालवायचा नाही.

निपाणीकर:

नर्स नाही, पण घरात १४ वर्षं हेच चाललंय म्हणून लिहितो. दादांना या दिवसांत उलटी-मळमळीसाठी गावात काही इंजेक्शन किंवा गोळी दिली का, ते विचारा. माझ्या बायकोला मेटोक्लोप्रमाइडनं असंच झालं होतं. आम्ही आठवडाभर मानसिक गोळ्यांनाच दोष देत बसलो.

आणि वहिनींना सांगा, एकदम बंद नको. आम्ही केलं होतं. पाय थांबले, पण दीड महिन्यात आजार परत आला आणि सगळं पहिल्यापासून.

रातपाळी:

निपाणीकर काकांचा मुद्दा फार मोलाचा. मेटोक्लोप्रमाइडही रिस्पेरिडोनसारखं मेंदूतलं डोपामिनच (निरोप पोचवणारं एक रसायन) अडवतं, म्हणून तसाच त्रास होऊ शकतो. सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या.

आईला सांगायचं ते असं सांगून बघा: "आई, शेताला पाणी सोडताना पाट जास्त बांधला की पलीकडचा वाफा कोरडा पडतो. या गोळीनं डोक्यातले आवाज अडवले, पण हातापायाला लागणारं पाणीही थोडं अडलं. डॉक्टर बांध जरा सैल करतील. पाटच मोडायचा नाही." शास्त्रानं हे तंतोतंत नाही, पण आयांना पटतं. देवाला जायचं असेल तर जाऊ दे गं, गोळी बरोबर घेऊन आणि वेळेवर देऊन. त्यावरून तात्यांशी भांडू नकोस, ती माणसं आपल्याच बाजूची आहेत.

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा अंदाज बरोबर निघाला. आठ दिवसांपूर्वी दादाला उलट्या झाल्या होत्या, तेव्हा दोन दिवस मेटोक्लोप्रमाइड घेतलं होतं. वही आणि पाकिटं घेऊन दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. रिस्पेरिडोन ३ मिलिग्रॅम केलं, दमा आहे का विचारलं, नाडी-बीपी बघितलं आणि या घालमेलीवर प्रोप्रॅनोलॉल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं; त्यानं नाडी मंदावते. उलटीचं ते औषध परत घ्यायचं नाही म्हणून फाइलवर लाल शाईनं लिहिलं.

दादाला तो प्रश्न मी विचारला. "दोनदा आलं मनात," म्हणाला. विचारलं नसतं तर कळलंच नसतं. डॉक्टरांना त्याच्यासमोरच सांगितलं. आता रात्री वहिनी किंवा मी, कोणीतरी त्याच्याजवळ असतं आणि गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात असतो.

आज पाचवा दिवस. काल रात्री त्यानं बसून भाकरी संपवली, मधे एकदाच उठला. आईला पाटाचं सांगितलं तर ती गप्प बसली, मग म्हणाली, "मग मी बांध उलटा चढवत होते होय?" आणि रडली. तिला जवळ घेऊन बसले मी बराच वेळ.

एक शंका राहिली. सकाळी गोळीआधी नाडी मोजली तर ५६ लागली. कालपर्यंत ६८-७० होती. चक्कर नाही म्हणतो. गोळी देऊ का?

रातपाळी:

अजून दिली नसशील तर प्रोप्रॅनोलॉल थांबव, रिस्पेरिडोन ठरल्या वेळी दे. दादाला दहा मिनिटं पडून राहू दे आणि नाडी परत मोज, पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंदांना चारनं गुणून नको. बसून आणि उभं करून बीपी घे. आकडे घेऊन डॉक्टरांना आत्ताच फोन लाव, पुढची गोळी त्यांनी सांगितल्यावरच. काय म्हणाले ते इथं लिही, मी दुपारपर्यंत जागी आहे.