साखर कमी करताना तुमच्या घरात काय काय झालं?

गिरणगावकर
काल माळ्यावरून गणपतीचं सामान काढताना पत्र्याच्या ट्रंकेत आमचं जुनं रेशनकार्ड सापडलं. कडा कुरतडल्यात, पण साखरेच्या रकान्यातले दुकानदाराचे निळे आकडे अजून वाचता येतात. कार्ड हातात घेऊन स्टुलावर तसाच बसून राहिलो.

लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. पगार बंद, वाण्याकडे उधारी. त्या वर्षी आईने साखरेचा डबा फडताळात सगळ्यात वर, पिठाच्या डब्यामागे ठेवला. ती साखर पाहुण्यांची. आम्हाला गुळाचा चहा. कुणी आलं की त्यांच्या कपात दोन चमचे पडायचे, आणि ढवळून झालेला चमचा आई मला चाटायला द्यायची. तेवढी माझी साखर.

नोकरी लागली तेव्हा मनाशी ठरवलं, आपल्या घरात साखर कधी मोजायची नाही. आणि खरंच मोजली नाही. ऑफिसात पाच चहा, घरी दोन, प्रत्येकात दोन चमचे. मार्चमध्ये एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रात्री हिशोब मांडला. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी नुसत्या चहातून ५६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी. २००० कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे ५० ग्रॅम, आणि २५ वर आणता आली तर आणखी चांगलं. जेवणखाण, बिस्किटं तर मी धरलीच नव्हती.

दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत आलो. ऑफिसचा चहा आता बिनसाखरेचा जातो. अडतं ते आईपाशी. ती ७८ ची आहे, अजून माझा कप स्वतः भरते आणि दोन चमचे घालते. त्या दोन चमच्यांची किंमत मला माहीत आहे, म्हणून नको म्हणताना जीभ रेटत नाही.

तुमच्याकडे कसं जमलं? काय अडलं? लिहा.

डोंबिवलीची सुगरण
शेवटचा परिच्छेद वाचून डोळे भरले दादा. कुकर लावलाय, सविस्तर नंतर लिहिते.

टपरीवाला ग्रुप
अंधेरी एमआयडीसी. आमच्या टपरीवर साखर किटलीत आधीच पडलेली असते, त्यामुळे "कमी घाल" म्हणून उपयोग नाही. आम्ही चौघांनी भैयाला सांगितलं, आमचा फिका वेगळा उकळ, चार कटिंगची खात्री आमची. त्याने छोटं पातेलं आणलं. आता त्या पातेल्याला दहा-बारा गिऱ्हाइकं आहेत. पहिले दहा दिवस कडू लागतो, मग आल्याची चव कळायला लागते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पाच वर्षं आधी सोडली असती.

परळची नात
कुठली चाळ काका? आमचं आजोळ गणेश गल्लीत. मामाही संपात होता, पुढे गावीच गेला.

गिरणगावकर
गल्लीच्या तोंडाशीच, डाव्या हाताला. आता तिथे टॉवर आहे. मामा परत आले का?

परळची नात
नाही. कणकवलीला दुकान टाकलं. त्यांच्याकडे अजून आल्यागेल्याला गूळपाणी देतात.

दोन मुलांची आई
माझा मुद्दा मुलांच्या दुधातली पावडर. धाकटा सहा वर्षांचा. डब्यावर धावणारा मुलगा, उंची, ताकद सगळं छापलेलं. एकदा भिंग घेऊन मागचं वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात आणि साखर दुसऱ्या नंबरला! शिवाय खाली लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, ही तिचीच भावंडं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं कळवलं होतं, ते तेव्हा मी बातमीत पाहून विसरून गेले होते. सासूबाईंशी दोन दिवस अबोला झाला, "पोर दूध पिणार कसं?" म्हणून. वेलची घालून, अर्ध्या चमच्यावरून पाव चमचा, असं करत महिना लागला. पितो आता. सासूबाईच वेलची कुटून ठेवतात.

वाशीचा नवरा
आम्ही साखर पूर्ण बंद करून गुळावर आलो. चहा, शिरा, सगळं गुळाचं. मस्त चाललंय.

आहारवाली ताई
दादा, मनापासून सांगते, राग मानू नका. माझं कामच हे आहे. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. थोडं लोह, थोडी खनिजं मिळतात, पण रक्तातली साखर गुळाने वाढायची तशी वाढतेच. मधाचंही तेच. नैसर्गिक आहे म्हणून लोक दुप्पट घालतात, ते जास्त घातक. चव म्हणून घाला, पण मोजून. आणि फळं रस काढून पिण्यापेक्षा चावून खा, चोथा पोटात गेला पाहिजे.

वाशीचा नवरा
बापरे. शिरा रोज होतो आमच्याकडे. आज बायकोला वाचून दाखवतो. आभार ताई.

माहीमची लेक
एक गोष्ट कळकळीने लिहिते, कारण आमच्यावर बेतलं होतं. बाबा ७१, इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही. कुणाचं तरी ऐकून त्यांनी साखर तर सोडलीच, नाश्ताही निम्मा केला, औषध मात्र तेवढंच. कुर्ला स्टेशनच्या जिन्यावर घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. मला वाटलं हार्ट अटॅक. शेजारून जाणाऱ्या एका मावशींनी ओळखलं. पर्समधली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटं पायरीवर आमच्याजवळ बसून राहिल्या. मग बाबांना मी कोण ते कळलं. मावशींची लोकल गेली, नावही विचारायचं राहून गेलं.

तर ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका. आणि साखर सोडलेल्या माणसाच्या खिशात साखर हवीच. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर साधारण तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

परळची नात
ताई, काटा आला वाचून. बाबा आता बरे ना?

माहीमची लेक
हो. डॉक्टरांनी डोस बदलून दिला. आता शर्टाच्या खिशात पुडी असतेच, आणि ती भरून ठेवणं माझ्या मुलीचं काम.

डोंबिवलीची सुगरण
आले परत. आमचा सकाळच्या फास्टचा लेडीज डब्यातला ग्रुप, पंधरा जणी. कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, मग पेढे, केक. गेल्या वर्षी एकीला सातव्या महिन्यात शुगर निघाली. ती खिडकीकडे तोंड करून बसायची, डबा फिरला की नुसतं हसून पुढे द्यायची. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी पेढ्यांचा डबा बंद केला आणि म्हणाल्या, हिचं होईपर्यंत कुणी गोड आणायचं नाही. तेव्हापासून काकडी, उकडलेले शेंगदाणे, मटकीची भेळ. बाळ झालं, बारशाला पेढे खाल्ले सगळ्यांनी. पण डब्यात मात्र अजून शेंगदाणेच. उद्याचे आत्ताच शिजतायत.

कोलाबा ते कुडाळ
उन्हाळ्यात सरबतांनी घात होतो. बाटलीतलं अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. त्याऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस आणा, त्यात साखर नसते. पाणी, भाजलेलं जिरं, झालं.

वाशीचा नवरा
आगळ मुंबईत कुठे?

कोलाबा ते कुडाळ
दादर पश्चिमेला कोकणी मेव्याच्या दुकानांत विचारा. लेबल वाचून घ्या, साखर लिहिलेली नको.

नवी सूनबाई
गिरणगावकर काका, गुळाचा चहा माझा दर वेळी फाटतो. आजेसासऱ्यांना आवडतो म्हणून करते. काय चुकतंय?

गिरणगावकर
गूळ पाण्यात पूर्ण उकळू द्या, चहापत्ती घाला, पातेलं खाली उतरवा. दूध वेगळं तापवून शेवटी वरून. दूध घातल्यावर परत गॅसवर ठेवायचं नाही. आई असाच करायची.

आज तिला कार्ड दाखवलं. चष्मा पुसून एकेक रकाना बोटाने वाचला. एका आकड्यापाशी थांबून म्हणाली, "हे खोटं आहे. या महिन्यात साखर आलीच नव्हती. मी दोनदा रांगेत उभी राहून परत आले होते." मग मी चहाचं बोललो, रिपोर्टचंही. तिने ऐकून घेतलं. काही बोलली नाही. संध्याकाळी कपात एक चमचा होता.

माहीमची लेक
आईंना नमस्कार सांगा.

वाशीचा नवरा
आगळ मिळालं. एका ग्लासाला किती चमचे?

कोलाबा ते कुडाळ
दोन. मीठ घालू नका, आगळात असतंच.