शब्दचर्चा : कथेतल्या टोळीचं नाव

कच्चा खर्डा : कादंबरीत एक टोळी आहे. बंदरावरच्या वखारींतून माल पळवते, पुढे खंडणीत शिरते. वीसेक माणसं. आत्तापर्यंत सुचलेली नावं अशी : 'काळा विंचू', 'रक्तपिपासू', 'मृत्युदल', 'शॅडो गँग'. कागदावर चारही बरी दिसतात, पण पात्राच्या तोंडी घातली की नाटकी वाटतात. चुकतंय कुठे? आणि टोळी, गँग, कंपनी, ग्रुप यांतला कोणता शब्द कधी वापरायचा?

उभी रेघ : चारही नावं टोळीने मुहूर्त बघून स्वतःचं बारसं केल्यासारखी आहेत. खऱ्या टोळ्यांची नावं बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ठेवलेली असतात. कधी वस्तीने, कधी पोलिसांनी, कधी वार्ताहरांनी, कधी शत्रूने. म्हणून 'नाव काय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'नाव कोणी ठेवलं' हे आधी ठरवा.

अमेरिकेतल्या माफियाचं पाहा. माफियातल्याच जोसेफ वलाचीने १९६३ साली सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि 'कोझा नोस्त्रा' हे शब्द जगाला कळले. अर्थ इतकाच, की 'आपलं प्रकरण', 'आपली गोष्ट'. आतल्या माणसांच्या बोलण्यातले दोन साधे शब्द, त्यांत ना रक्त ना विंचू. एफबीआयने त्याला पुढे 'ला' जोडून 'ला कोझा नोस्त्रा' केलं आणि कागदोपत्री 'एलसीएन'. म्हणजे आतला माणूस सर्वनाम वापरतो आणि सरकार त्याचं विशेषनाम करतं. न्यूयॉर्कच्या पाच घराण्यांचंही तेच. कार्लो गॅम्बिनो १९७६ साली वारला, घराणं अजून 'गॅम्बिनो'च आहे. फायलीवर एकदा नाव चढलं की प्रमुख बदलला तरी फायलीचं नाव कोणी बदलत नाही.

जपानमध्ये हा फरक आणखी उघडा आहे. पोलीस म्हणतात 'बोर्योकुदान', म्हणजे हिंसा करणाऱ्यांचे गट. तीच माणसं स्वतःला 'निंक्यो दान्ताई' म्हणवतात, म्हणजे दीनदुबळ्यांच्या कैवाऱ्यांची संघटना. आणि लोकांच्या तोंडी 'याकुझा'. तो शब्द पत्त्यांच्या एका खेळातला : आठ, नऊ, तीन ही पानं आली की बेरीज वीस होते आणि किंमत शून्य. थोडक्यात, फुकट गेलेला डाव.

कच्चा खर्डा : म्हणजे माझ्या टोळीला एक नाव पुरणार नाही?

जाडा ठसा : नाही. पाच तरी लागतील, आणि कोणतं कोणाच्या तोंडी हे शेवटपर्यंत पाळावं लागेल. तुमच्याच मालमसाल्यातून काढू. समजा ही पोरं सात नंबरच्या वखारीत जमतात. वस्ती आधी म्हणेल 'सात नंबर वखारीतली पोरं'. एवढं लांब कोणी रोज बोलत नाही. महिन्याभरात ते 'सात नंबरवाले' होईल, वर्षभरात 'सातवाले'. नाव घासूनच खरं वाटायला लागतं, म्हणून घासलेलं रूप कथेत वापरा आणि मूळ लांब रूप एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी एकदाच येऊ द्या.

पोलिसांच्या नोंदीत जागेपेक्षा गुन्ह्याची पद्धत मोठी. तिथे 'वखार टोळी' असेल. चड्डी-बनियान टोळी हे नाव असंच, अंगावरच्या कपड्यांवरून पडलेलं. ती माणसं एकमेकांना 'आपण चड्डी-बनियानवाले' म्हणत असतील का? बातमीत मथळ्याच्या रुंदीत बसेल असं हवं : "'सात नंबर' गँगचे तिघे जेरबंद". प्रतिस्पर्धी अपमान करणार : 'हमाल'. आणि टोळीतली माणसं एकमेकांत बहुधा 'आपली माणसं' किंवा नुसतं 'घर' म्हणतील : "घरी विचारलंस का?"

सहावं रूपही असतं, आणि ते नवखे लेखक विसरतात. ज्याला खरी भीती वाटते तो नाव घेतच नाही. "ते लोक येऊन गेले," एवढंच म्हणतो. भेदरलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडी टोळीचं पूर्ण, ठसठशीत नाव घातलंत की प्रसंगातली भीती गेलीच म्हणून समजा.

काना मात्रा : जाडा ठसा यांचं पटतं, पण 'सातवाले' हे वाक्यात घालून बघा : "सातवाले अजून आले नाहीत." वाचणाऱ्याला सातच्या पाळीचे कामगार वाटतील. एक ते बारा हे आकडे घड्याळाचे आहेत, ते टाळलेलेच बरे. वखार सतरा नंबरची करा. 'सतरावाले' घड्याळात अडकत नाही, आणि 'सतरा भानगडी' हा वास फुकटात मिळतो.

आकडा निवडताना मराठीत त्याला आधीच काय चिकटलंय ते पाहावं लागतं. 'छत्तीस' म्हटलं की वैर, 'बारभाई' म्हटलं की कारस्थान, 'चारसोवीस' म्हटलं की किरकोळ फसवणूक. दंड संहितेतलं कलम ४२० आता नव्या न्याय संहितेत ३१८ झालं, पण बोलण्यातून हटलेलं नाही. खुनी टोळीला 'चारसोवीस' नाव दिलं तर ती विनोदी वाटेल.

आता तुमच्या चार नावांची मुख्य अडचण. नाव मराठीत विभक्ती घेतं का, हे आधी तपासायचं. 'काळा विंचू' घ्या. सामान्यरूप होणार 'काळ्या विंचवा-'. मग वाक्यं अशी : "काळ्या विंचवाने त्याला गल्लीत गाठलं", "तो काळ्या विंचवांत सामील झाला". पहिल्यात सर्पदंशाच्या लशीची आठवण येते, दुसऱ्यात माणूस बिळात शिरल्यासारखा वाटतो. रूप न बदलता 'काळा विंचूच्या माणसाने' लिहिलं तर मराठी मोडतं. 'काळा विंचू गँगच्या' हे चालतं, पण दर वेळी गँग ओढत न्यावी लागते. 'रक्तपिपासू' तर विशेषण आहे, त्याचं एकवचन-अनेकवचन सारखंच, त्यामुळे "रक्तपिपासू आला" म्हणजे एक माणूस की अख्खी टोळी हे कळत नाही.

चाचणी सोपी आहे. पाच वाक्यं लिहा : तो अमुकवाला आहे, अमुकांनी केलं, अमुकांकडे गेला, अमुकांतून फुटला, अमुकांची गाडी. पाचही एका दमात म्हणता आली तर नाव ठेवा. 'सतरावाला, सतरावाल्यांनी, सतरावाल्यांकडे, सतरावाल्यांतून, सतरावाल्यांची' : कुठेही जीभ अडत नाही.

तळटीप : 'सर्पदंशाची लस' नव्हे. सर्पदंशावर प्रतिविष देतात, आणि विंचवाचं प्रतिविष वेगळं असतं. बाकी मुद्दा मान्य.

काना मात्रा : मान्य. आता टोळी-गँग-कंपनी. हे समानार्थी शब्द नाहीत.

'टोळी' मुळात गुन्हेगारी शब्दच नव्हे. ऊसतोडणीची टोळी असते, तिला मुकादम असतो. 'गँग'चंही तसंच, रेल्वेचा गँगमन रूळ तपासतो. दोन्ही शब्दांना गुन्ह्याचा रंग संदर्भाने येतो. छापील बातमी आणि पोलिसी मराठी यांत 'टोळी' : टोळीप्रमुख, साथीदार, सराईत. बोलण्यात 'गँग'. 'टोळकं' म्हणजे म्होरक्या नसलेली, नाक्यावर उभी असणारी पोरं. त्यात तुच्छता आहे, म्हणून खंडणी गोळा करणाऱ्या वीस जणांना टोळकं म्हणू नका. 'कंपनी' तेव्हा, जेव्हा हिशेब असतो : वाटे, पगार, तुरुंगात गेलेल्याच्या घरी महिना पोचवणं. 'ग्रुप' फलकावर आणि गाडीच्या काचेवर. 'कंपू' आज साहित्यिकांचा असतो, चोरांचा नाही. 'अण्णाची पोरं' आणि 'अण्णाची माणसं' यांतही अंतर आहे. पोरं निरोप पोचवतात, माणसं काम करतात.

कायद्याची भाषा पात्राच्या तोंडी घालणार असाल तर आकडे लक्षात ठेवा. दरोड्याच्या कलमाला पाच किंवा अधिक माणसं लागतात, चौघांनी केली तर ती जबरी चोरी. १९९९च्या मकोका कायद्यात मात्र संघटित गुन्हेगारी टोळी दोघांचीही होऊ शकते. चौघांच्या टोळीवर 'दरोड्याचा गुन्हा दाखल' असं लिहिलंत तर पोलिसी वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पूर्णविराम : कथा पेशवाईतली असेल तर 'गँग'ही नको आणि आकडाही नको. पेंढाऱ्यांना आश्रयदात्यावरून ओळखत : शिंदेशाही आणि होळकरशाही. कोणाच्या छत्राखाली लुटतात, तेच नाव.

उभी रेघ : जागेवरून पडलेल्या नावात एक गंमत असते, ती वापरण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या पोरांच्या टोळ्या गल्लीवरून ओळखल्या जात. बेंगॉल स्ट्रीटवरची टोळी 'बेंगॉल टायगर' झाली. लंडनमध्ये दुकानं साफ करणाऱ्या बायकांची टोळी 'फॉर्टी एलिफंट्स', कारण वस्ती एलिफंट अँड कॅसलची. वाघ आणि हत्ती दोन्ही आले, पण शौर्य दाखवायला नव्हे, पाटीवरच्या नावातून घसरत आले. तुम्हाला प्राणी हवाच असेल तर असा आणा. वखारीच्या मालकाच्या छापावर मोर असला तर ती माणसं 'मोरवाले' होतील, आणि इतकं निरुपद्रवी नाव घेताना लोक आवाज खाली आणतात म्हटल्यावर वाचक आपोआप सावरून बसेल.

कच्चा खर्डा : आणि सांकेतिक आकडा? भिंतीवर रंगवतात तसा. मराठी अक्षरांवरून करता येईल?

जाडा ठसा : येईल, पण मोजणी आधी पक्की करा. एल साल्वादोरच्या माणसांची टोळी 'मारा साल्वात्रुचा', तिच्या 'एमएस-१३' या नावातला १३ म्हणजे तेरावं अक्षर 'एम', 'मेक्सिकन माफिया' या अमेरिकी तुरुंगांतल्या टोळीशी असलेल्या नात्याची खूण. ब्राझीलच्या 'प्रिमेइरो कोमांदो दा कापिताल' या टोळीचा आकडा १५३३. पी, सी, सी. आता इंग्रजी वर्णमालेत पी सोळावं आहे, पंधरावं नाही. ही टोळी १९९३ साली तुरुंगात सुरू झाली तेव्हा ब्राझीलच्या शाळेत के, डब्ल्यू, वाय ही अक्षरं मोजत नसत. २००९मध्ये नवी लेखनपद्धती लागू झाली, ती तीन अक्षरं परत आली, तरी भिंतीवर १५३३च राहिलं. टोळीचा जन्म कुठल्या काळातला हे त्या एका आकड्यात अडकून बसलंय.

मराठीत 'वखार'चा व घ्या. क पासून सगळी व्यंजनं मोजली तर व एकोणतिसावा. पण ङ आणि ञ ही अक्षरं शाळा अर्ध्यात सोडलेला पोरगा मोजेल का? ती गाळली तर व सत्ताविसावा. म्हणून २७ जास्त खरा वाटतो, आणि दोन पिढ्यांत २७ की २९ यावरून वाद लावता येतो. स्वर मिळवून मोजणी करू नका. स्वर बारा, चौदा की सोळा यावर मास्तरांचंच एकमत नसतं.

तळटीप : एक पथ्य. टोळीचं नाव जातीवरून, जमातीवरून किंवा आडनावावरून पाडू नका, 'वास्तव' म्हणून तर नाहीच. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने सबंध जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शब्द मागे उरले. 'भामटा' आपण सहज वापरतो. ते एका समाजाचंही नाव होतं. पोलीस पात्र अशी भाषा बोलू शकतं, निवेदकाने ती उचलायची नाही.

नाव पक्कं करण्याआधी ते 'टोळी', 'गँग', 'ग्रुप', 'बॉईज' हे शब्द जोडून देवनागरीत आणि रोमनमध्येही शोधून बघा. गावाचं नाव, खरी संस्था किंवा चालू खटला निघाला तर बदला. 'सेना', 'दल', 'परिषद' हे शेवट लागले की वाचक पक्ष शोधायला लागतो. 'मृत्युदल'ची दुसरी अडचण तीच.

पूर्णविराम : एका गोष्टीला मात्र माझा विरोध. 'काळा विंचू' टाकून देऊ नका. सोळा-सतरा वर्षांची पोरं स्वतःचं नाव स्वतःच ठेवतात, आणि नेमकं असलंच ठेवतात. सतरावाल्यांच्या हाताखाली काम मिळावं म्हणून धडपडणाऱ्या नाक्यावरच्या टोळक्याला ते द्या. 'शॅडो'ही त्यांनाच. हमालाच्या तोंडी त्याचं 'श्याडो' होऊ द्या.

उभी रेघ : आणि टोळी फुटणार असेल तर नाव फुटू देऊ नका. जपानमधल्या कोबे शहरातली याकुझा टोळी यामागुची-गुमी १९१५ची. २०१५ साली तिच्यातले गट फुटून निघाले आणि त्यांनी नाव घेतलं 'कोबे यामागुची-गुमी'. बाहेर पडणाऱ्याला जुनं नावच हवं असतं, कारण लोक नावाला पैसे देतात. तुमच्याकडे 'जुने सतरा' आणि 'धक्क्यावरचे सतरा' होतील. दोघंही स्वतःला नुसतं 'सतरा' म्हणवतील. विशेषण नेहमी दुसऱ्याला लावतात.

काना मात्रा : लेखनातली एक बारीक गोष्ट राहिली. कथेतल्या बातम्यांत नाव पहिल्यांदा येतं तेव्हा अवतरणात घाला : 'सतरा नंबर' टोळी. दोन-तीन गुन्ह्यांनंतर अवतरण गळू द्या : सतरा नंबर टोळी. शेवटच्या बातमीत 'टोळी'ही नको, "सतरा नंबरचा आणखी एक अटकेत" एवढंच. निवेदनात मात्र पहिल्यापासून अवतरणाशिवाय 'सतरावाले' लिहा, नाहीतर प्रत्येक पानावर नाव दोन बोटांत धरल्यासारखं दिसेल.