मदत हवी आहे: सागवानी वर्कबेंचचा टॉप फुगायला-आकसायला जागा कुठे आणि किती सोडू?

नमस्कार मंडळी,

नागपूरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचा बेंच बांधतोय. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट, टॉप तीन इंच जाड. लाकूड बल्लारपूरकडचं सागवान. पाच फळ्या कडेला कड लावून चिकटवून झाल्या, रंधाही मारून झाला. आता टॉप सांगाड्यावर बसवायचा आहे आणि तिथेच अडलोय.

मिस्त्री म्हणतात, खालून स्क्रू मारून गच्च आवळा, सागवान कुठे हलतं? इतर लाकडांपेक्षा कमी हलतं हे मान्य, पण हलतंच. आमच्या जुन्या सागवानी टेबलाखाली आडव्या पट्ट्या अशाच आवळल्या आहेत आणि टॉप मधोमध तडकलाय. मे महिन्यात त्या फटीत रुपयाचं नाणं उभं राहतं, श्रावणात नखही शिरत नाही.

माझा हिशोब असा: चपट्या चिरलेल्या (टोकाला वर्तुळांच्या रेषा रुंदीला साधारण समांतर दिसणाऱ्या) सागवानात ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी साधारण 0.19 टक्के बदलते. ओलावा मोजायचा मीटर आत्ता, मे महिन्यात, 7 टक्के दाखवतोय. ऑगस्टमध्ये 14 धरले, तर 600 मिमीला जवळजवळ 8 मिमी. लांबीत फरक नाहीच म्हणा.

ही जागा दोन्ही बाजूंना वाटून सोडू की एकीकडेच? फळी उभी धरून रंधता यावी म्हणून पुढचे पाय टॉपच्या कडेशी अगदी एका पातळीत हवेत, ते बिघडायला नको. आणि दोन्ही टोकांना आडवी पट्टी लावू का? दिसायला फार छान दिसते.

प्रतिसाद

हिशोब बरोबर आहे, पण 8 मिमी ही वरची मर्यादा समजा. तीन इंची लाकूड आतपर्यंत ओलावायला वेळ घेतं, तोवर पावसाळा सरत येतो. फळ्यांच्या टोकांकडेही बघा: झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या रेषा उभ्या असतील तर हालचाल जवळपास निम्मीच. शेडमध्ये कूलर चालत असेल तर मीटर कूलर बंद ठेवून काही दिवसांनी पुन्हा लावा.

जागा वाटू नका. पुढची कड पक्की करा, सगळी हालचाल मागे जाऊ द्या. पायांना जोडणाऱ्या वरच्या आडव्या पट्टीत पुढचं भोक गोल आणि घट्ट ठेवा, मधलं आणि मागचं लांबट. 6 मिमीच्या स्क्रूला मागे 16 मिमी लांबीची खाच पुरे, मधल्याला 11. खाली रुंद वॉशर घाला आणि स्क्रू इतकाच आवळा की टॉप बसेल पण सरकू शकेल. तुम्ही मे महिन्यात बसवताय, म्हणजे टॉप आत्ता सर्वांत अरुंद आहे. तेव्हा स्क्रू खाचेच्या मध्यावर नको, पुढच्या टोकाला ठेवा. मध्यावर ठेवलात तर निम्मी खाच वाया जाईल आणि ऑगस्टमध्ये स्क्रू मागच्या टोकाला जाऊन अडेल. पट्टी आणि टॉप यांच्यामध्ये गोंद अजिबात नको.

टोकांच्या पट्ट्या मी तरी लावणार नाही. मे महिन्यात पट्टी टॉपच्या बाहेर येते, पावसाळ्यात टॉप पट्टीच्या बाहेर. बेंचला त्याचा काहीच उपयोग नाही.

तेल किंवा पॉलिश मात्र वरून जेवढं, तेवढंच खालून. एकच बाजू मारलीत तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि टॉप वाकतो.

धागाकर्ता

टोकाच्या रेषा पाहिल्या. तीन फळ्या चपट्या, दोन उभ्या. म्हणजे 6 मिमीच्या आसपास. खाच तरी 16 चीच ठेवतो. शिकंजा (फळी आवळून धरायचा) पुढच्या कडेला बसवायचाय, त्याखाली टॉपला लाकडी ठोकळा लागेल. तो कसा लावू?

प्रतिसाद

ठोकळ्याच्या लाकडाचे तंतू टॉपच्या तंतूंच्याच दिशेने ठेवा, मग दोन्ही एकत्र फुगतील आणि चिकटवलात तरी चालेल. आडवा लावायचा असेल तर गोंद नको, फक्त स्क्रू, आणि मागचा पुन्हा लांबट खाचेत.