मदत हवी आहे : ग्रामपंचायतीला पडलेल्या उमेदवाराचा खर्चाचा हिशोब

नमस्कार मंडळी, आमच्या वहिनी यावेळी ग्रामपंचायतीला उभ्या होत्या, कुठल्या पॅनलमधून नाही, एकट्याच, छत्री चिन्ह मिळालं आणि पडल्या. ते ठीके, पण आता गावातले म्हणतायत पडलेल्याने कशाला हिशोब द्यायचा, कोण विचारतंय, आणि मी वाचलंय की निकालापासून 30 दिवसांत खर्च सादर नाही केला तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14ब खाली 5 वर्षांपर्यंत अपात्र करतात. वहिनींना पुढच्या वेळी परत उभं राहायचंय, त्यामुळे रिस्क नको.

आमची ग्रामपंचायत 9 सदस्यांची, खर्च सगळा मिळून सात-साडेसात हजार, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या बराच खाली. फ्लेक्स आणि डमी मतपत्रिकांची पक्की बिलं आहेत, घोळ बाकीच्याचा. चहा-वडापाव फाट्यावरच्या टपरीवरून, तिथले काका वहीचा कागद फाडून "चहा 60" लिहून देतात, ना तारीख ना सही. टेम्पो माझ्या मेव्हण्याचा, भाडं घेतलं नाही, नुसतं डिझेल टाकलं, स्पीकर पण त्याच्या मंडळाचाच. हे फुकटचं दाखवायचं का, आणि दाखवायचं तर किती रुपये लावून?

शिवाय ते राज्य निवडणूक आयोगाचं ट्रू व्होटर ॲप. रोजचा खर्च त्यात भरायचा, आमच्याकडे रेंज टेकडीवर गेल्यावर येते, मधले काही दिवस राहिलेच. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आणि हिशोबाला सीए, इथे सात हजारवाल्यालाही रोजची नोंद, बिलं, शपथपत्र, सगळं आहेच. एका पानाचा साधा फॉर्म ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

प्रतिसाद : गावातल्यांचं अजिबात ऐकू नका. पडलेला, बिनविरोध आलेला, सगळ्यांनाच द्यावा लागतो, एक रुपया खर्च नसला तरी शून्य लिहून द्यायचा. टेम्पो-स्पीकर फुकट मिळाला तरी दाखवा, तहसीलच्या निवडणूक शाखेत दरपत्रक मागा आणि तो दर लावा, तुम्ही मर्यादेच्या कितीतरी खाली आहात, घाबरायचं काय त्यात. टपरीचं व्हाउचर करून काकांची सही घ्या. ॲपमधले राहिलेले दिवस काय करायचे तेही तिथल्या क्लार्कलाच विचारा, आणि शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका, उद्या नोटीस आली तर तीच दाखवावी लागते.

धागाकर्ता : धन्यवाद दादा, सोमवारी जातोच. शपथपत्र स्टॅम्प पेपरवर लागतं का साध्या कागदावर चालतं?